परदेशातून खाऊ आणि बाटली आणताना: मुंबईच्या सहार विमानतळावर उतरण्याआधी वाचा

मावशी लंडनहून लेकीकडून परतली तेव्हा तिच्या बॅगेत चॉकलेटं, चीजचा डबा आणि तिकडच्या मिरचीचं बी होतं. तिन्हींना नियम वेगळे, आणि लोकांची गफलत नेमकी इथेच होते.

सीलबंद चॉकलेट, बिस्किटं, खजूर घरापुरते असतील तर सहसा कोणी अडवत नाही. त्यांची किंमत मात्र तुमच्या एकूण शुल्कमुक्त मर्यादेत धरतात, म्हणून बिलं फेकू नका. चीनमधलं दूध आणि दुधाचे पदार्थ यांवर २००८ पासून बंदी आहे, दूध घातलेली चॉकलेटंही त्यातच आली.

मांस, मासे, कोंबडीचे पदार्थ आणि दुधाचे पदार्थ कस्टम्सच्या फॉर्मवर जाहीर करावे लागतात. मावशीचं चीजसुद्धा. गोमांस आणताच येत नाही.

फळं, भाज्या आणि फुलं स्वतःसाठी असतील आणि दोन किलोंपेक्षा कमी असतील, तर नुसती पाहणी करून सोडता येतात. बी, रोप, कंद यांना ही सवलत नाही. त्यासाठी त्या देशाचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला) आणि इथला आयात परवाना आधीच हातात हवा. चिमूटभर बियांसाठी एवढं कशाला, असं मावशीलाही वाटलं होतं. पण आपल्या माळरानावरचं गाजरगवत आठवा. १९५० च्या दशकात ते पुण्यात दिसलं, आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात, आणि शेतकरी आजही ते उपटतोच आहे. हा नियम मला मनापासून पटतो.

जाहीर करणं सोपं आहे. कस्टम्सच्या ‘अतिथी’ अ‍ॅपवर प्रवासाआधीच माहिती भरता येते. पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि बिलं हाताशी ठेवून रेड चॅनलला, म्हणजे काही जाहीर करायचं असणाऱ्यांच्या रांगेला, जायचं. ग्रीन चॅनलमधून चालत गेलात की ‘माझ्याकडे काही नाही’ असं तुम्ही सांगितल्यासारखंच होतं, मग वस्तू सापडली तर ती जप्त होऊन वर दंडही होऊ शकतो. खरं सांगितलेली वस्तू आणता येत नसेल, तर कस्टम्स कायदा १९६२ च्या कलम ८० खाली ती ठेवून घ्या आणि परत जाताना द्या, अशी विनंती करता येते. पावती जपा. मावशीनं सगळं लिहून दिलं होतं. बी तिथेच राहिलं, चीज-चॉकलेटं घरी आली.

दारूची मर्यादा माणशी दोन लिटर, वाइन आणि बिअर धरून. त्यापुढच्या प्रत्येक बाटलीवर भारी शुल्क लागतं. आणि विमानतळाबाहेर पडलं की महाराष्ट्राचा कायदा सुरू होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे घरी विदेशी मद्य ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन मागता येतो: फोटो, ओळखपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा जोडून. व्हिस्की-रमसाठी वय २५ पूर्ण हवं.

मुंबईत उतरून पुढे नागपूरचं विमान धरणार असाल, तर कस्टम्स इथेच होतं. बाटली मग हातातल्या पिशवीत न ठेवता चेक-इन बॅगेत टाका, नाहीतर सिक्युरिटीला ती सोडून द्यावी लागेल.