दसरा चौकातली बोर्डिंगं आणि शाळेतली ईद

ईदला शिरखुर्मा, नाताळला चांदणी, दिवाळीच्या तोंडावर किल्ल्यांची स्पर्धा. एकमेकांचे सण मुलांना कळावेत म्हणून शाळांतून असे उपक्रम आता सर्रास होतात. फोटो निघतात, ग्रुपवर पडतात, आणि दुसऱ्या दिवशी गणिताचा तास सुरू. कोल्हापुरात मात्र या गोष्टीला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात एका फसलेल्या प्रयोगापासून होते.

१८९६ च्या सुमारास शाहू महाराजांनी राजाराम कॉलेजच्या मुलांसाठी सर्व जातींचं एकच वसतिगृह काढून पाहिलं. थोड्याच काळात ते जवळपास ब्राह्मण मुलांचंच होऊन बसलं. अडचण जागेची नव्हतीच, पंगतीची होती. कोणाच्या हातचं कोणी खायचं, हे ठरलेलं होतं. मग महाराजांनी उलटी वाट धरली. १९०१ मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क, पुढे ख्रिस्ती मुलांसाठीही. ज्याची त्याची चूल आणि ज्याचे त्याचे सण. आजच्या नजरेला हे खटकतं, पण खेड्यातलं पोर शिकायला शहरात टिकलं ते या वेगळ्या चुलींमुळेच. मुस्लिम शिक्षणासाठी काढलेल्या संस्थेचे अध्यक्ष तर महाराज स्वतः होते.

गंमत आहे ती जागेची. मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग आणि लिंगायतांचा चित्रदुर्ग मठ, तिन्ही दसरा चौकाच्या आसपास. याच चौकात शाही दसऱ्याचं सीमोल्लंघन होतं आणि सोनं लुटलं जातं. म्हणजे बोर्डिंगच्या पोरांना दुसऱ्याचा सण पाहायला कुठे लांब जावंच लागत नव्हतं.

जैन बोर्डिंगमध्ये राहणारे भाऊराव पाटील मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, परतल्यावर विटाळ म्हणून आंघोळ करून मगच जेवायला बसायचं, हे त्यांनी नाकारलं आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, ही हकीकत प्रसिद्ध आहे. याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचं एकत्र वसतिगृह काढलं, आणि नाव दिलं शाहू महाराजांचंच. कोल्हापुरात १८९६ ला जे जमलं नव्हतं ते तिथे जमलं. मधल्या काळात, १९१९ मध्ये, कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाही बंद झाल्या होत्या. वर्ग एकत्र झाला, पंगत मागून आली.

पुढे तर परधर्माचे शेजारी बाहेरूनही आले. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची शाळा होती, चर्चही होतं. ही मंडळी १९४८ पर्यंत परतली आणि त्याच परिसरात फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. आजचं गांधीनगर ते हेच.

एकमेकांचे सण पाळणं घरोघरी तर आधीपासूनच चालू होतं. मोहरमला कोल्हापुरात हिंदू घरांतूनही पंजे बसतात. बाबूजमाल दर्ग्याच्या चौकटीवर गणपती कोरलेला आहे. २०१८ ते २०२० ही तीन वर्षं मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले आणि कुरुंदवाडच्या मशिदींत गणपती बसल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. शाळेत शिकवायला याहून चांगला धडा नाही. दोन्ही पंचांगं चंद्रावरच चालतात, पण आपल्याकडे अधिक महिना धरतात आणि हिजरी वर्षात धरत नाहीत. म्हणून मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. याआधी हे दोन सण १९८५ च्या आसपास जुळले होते. पोरांच्या हातात दोन जुनी कॅलेंडरं दिली तर हे त्यांचं त्यांनाच सापडतं, भाषणाची गरज पडत नाही.

शाळेत सण साजरे करण्यात कायद्याचा घोळ वाटतो तेवढा नाही. घटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेला बसवता येत नाही. धर्मांविषयी माहिती देणं ही वेगळी गोष्ट, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलं. तेव्हा ईद का येते हे वर्गात खुशाल सांगता येतं. शाळेच्या गणपतीच्या आरतीला कोण उभं राहणार आणि कोण वर्गात थांबणार, हे मात्र अजून मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये तोंडीच मिटवलं जातं.