संगिनीची पारख

दुरुस्त झालेली युद्धकालीन संगीन अस्सल आहे की बनावट, हे तिच्या अंगावरच्या खुणांवरून ठरवण्याची रीत. ठाणे-नवी मुंबईत अशा संगिनी फौजेतून निवृत्त झालेल्या आजोबांच्या ट्रंकेतून निघतात, नाहीतर शीळफाट्याकडच्या भंगारातून येतात. घोडबंदर रस्त्यावरच्या मालिकांच्या सेटसाठी घडवलेल्या पत्र्याच्या संगिनीही त्यांत मिसळतात. त्या हातात घेताच वजनावरून कळतात.

इकडे बहुतेकदा दिसते ती .३०३ ली-एनफील्ड रायफलीची, १७ इंची पात्याची १९०७ नमुन्याची संगीन. मुठीलगतच्या बोथट भागावर एका बाजूस मुकुट, राजाची आद्याक्षरे आणि कारखान्याचे नाव. दुसऱ्या बाजूस तपासनिसांचे ठसे आणि पाते वाकवून पाहिल्याची फुली. ‘१९०७’ हा आकडा घडणीचे साल समजून फसणारे पुष्कळ. खरे साल शेजारच्या बारीक ठशात असते: ‘५ १७’ म्हणजे मे १९१७.

दुरुस्ती ही खोट नव्हे. सुरुवातीच्या संगिनींच्या मूठ आणि पाते यांमधल्या आडव्या कड्याला आकडी असे. १९१३ मध्ये ती रद्द झाली आणि दुरुस्तीला आलेल्या अनेकींची कापली गेली. संगीन रायफलीला अडकते त्या मुठीच्या खाचेतली घाण निघावी म्हणून मुठीच्या टोकाजवळ भोक आले १९१६ मध्ये, आणि ते जुन्यांनाही पाडले गेले. तेव्हा १९११ ची संगीन बिनआकडीची आणि भोकाची असेल, तर ती फौजी कार्यशाळेतून जाऊन आली, इतकेच. संशय घ्यावा तो आकडीवालीचा. तिला भाव जास्त, म्हणून आकडीच्या बुडाशी वेल्डिंगचा सांधा भिंगाखाली शोधतात.

दुसऱ्या महायुद्धात भारतात ही पाती १२ इंचांवर आणली. कापलेल्या पात्याची पन्हळ, म्हणजे पात्यावरची लांबट खोबण, थेट अणीपाशी जाऊन तुटते. पुढे आखूडच घडवलेल्या अनेकींना पन्हळच नाही. इशापूरच्या रायफल कारखान्याचा ‘आरएफआय’ ठसा यांवर आढळतो.

खरा घात बफ मारणारा, म्हणजे चाकावर घासून चकाकी आणणारा, करतो. जुन्या ठशाच्या कडा खणखणीत आणि तळाशी काळा गंज बसलेला असतो; बफ मारलेल्या पात्यावर तीच अक्षरे वापरून झिजलेल्या साबणवडीवरच्या नावासारखी दिसतात. आरशासारखी चकाकणारी संगीन अस्सल असूनही निम्मी गेलेली असते. मुठीच्या स्क्रूची खाच ताजी ओरखडलेली दिसली, तर लाकूड बदलले का ते पाहावे.

शस्त्र कायदा, १९५९ खालील नियमांत संगिनीचे नाव आहे. त्यामुळे घरात ठेवण्याआधी परवान्याची चौकशी पोलीस आयुक्तालयात करावी लागते. शंभरी ओलांडलेली संगीन १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते आणि ती कोणाही खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.