हक्काशिवाय निधी: अमेरिकेतील प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील सरकारी शाळांत प्रज्ञावंत मुलांसाठी चालणारे वर्ग निधीअभावी बंद पडतात, तेव्हा दोष त्या वर्षीच्या अंदाजपत्रकाला दिला जातो. मात्र या अस्थिरतेची मुळे गेल्या सहा-सात दशकांच्या कायद्यांत आहेत.

सेंट लुईसमध्ये 1868 च्या सुमारास हुशार मुलांना लवकर वरच्या वर्गात घालण्याची पद्धत सुरू झाली होती आणि 1920 च्या दशकात क्लीव्हलँड व न्यूयॉर्क येथे स्वतंत्र वर्गही निघाले होते. हे सारे स्थानिक पातळीवरचे प्रयत्न होते. ऑक्टोबर 1957 मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला आणि केंद्र सरकार खडबडून जागे झाले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा संमत होऊन विज्ञान, गणित आणि परकीय भाषांचे अध्यापन, तसेच गुणी विद्यार्थी हेरण्यासाठी चाचण्या व समुपदेशन यांकरिता पैसा उपलब्ध झाला. पण कायद्याचे नावच सांगते की येथे विचार देशाच्या गरजेचा होता, मुलाच्या गरजेचा नव्हता; त्यामुळे धास्ती ओसरली तशी आस्थाही ओसरली.

1972 मध्ये शिक्षण आयुक्त सिडनी मार्लंड यांनी काँग्रेसला सादर केलेल्या अहवालाने प्रथमच देशपातळीवरची व्याख्या दिली. बुद्धिमत्तेबरोबरच सर्जनशीलता, नेतृत्व आणि कला यांनाही तीत स्थान होते आणि अशी मुले किमान 3 ते 5 टक्के असावीत असा अंदाज त्यात मांडला होता. पाहणीतील निम्म्याहून अधिक शाळांनी आपल्याकडे एकही प्रज्ञावंत मूल नसल्याचे कळवले होते, ही त्या अहवालातील सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद म्हटली पाहिजे.

खरी फारकत 1975 मध्ये झाली. त्या वर्षीच्या कायद्याने अपंग मुलांना मोफत आणि सुयोग्य शिक्षणाचा हक्क दिला, तो न मिळाल्यास दाद मागण्याची सोयही केली. प्रज्ञावंत मुलांना असा हक्क केंद्रीय कायद्याने तेव्हा दिला नाही आणि पुढेही दिला नाही. परिणामी त्यांच्यासाठीचे केंद्रीय कार्यालय 1981 च्या रेगन सरकारच्या खर्चकपातीत सहज बंद करता आले आणि त्याचा निधी राज्यांना मिळणाऱ्या एकत्रित अनुदानात मिसळून गेला. 1988 मध्ये सिनेटर जेकब जॅविट्स यांच्या नावाने कायदा झाला खरा, पण त्याचा पैसा प्रामुख्याने संशोधन आणि पथदर्शी प्रकल्पांसाठी होता. शाळांतील नेहमीचे वर्ग त्यावर चालणे शक्य नव्हते. 2011 मध्ये तोही शून्यावर आला आणि 2014 मध्ये पुन्हा सुरू झाला.

त्यामुळे सारा भार राज्यांवर आणि स्थानिक शिक्षण मंडळांवर राहिला. पेनसिल्व्हेनियात अशा प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा बंधनकारक आहे, जॉर्जियात निधीवाटपाच्या सूत्रात या मुलांना अधिक भारांक, म्हणजे प्रत्येकी जास्त पैसा, मिळतो, तर काही राज्ये स्वतंत्र तरतूद करत नाहीत.

निधी आटल्यावर सर्वाधिक नुकसान कोणाचे होते, हे फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीत दिसले. तेथे पूर्वी शिक्षकांनी किंवा पालकांनी शिफारस केली तरच मुलाची बुद्धिमत्ता चाचणी होई, आणि ऐपत असलेले पालक ती खासगी मानसशास्त्रज्ञाकडून करून घेत. 2005 मध्ये दुसरीच्या सर्व मुलांची प्राथमिक चाचणी सुरू झाली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासानुसार, पात्रतेचे निकष न बदलताही वंचित गटांतील निवड झालेल्या मुलांचे प्रमाण 180 टक्क्यांनी वाढले. म्हणजे ही मुले आधीपासूनच त्याच वर्गांत बसलेली होती. त्यांच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नव्हते. आर्थिक मंदीनंतरच्या कपातीत 2010 मध्ये ही सरसकट चाचणी स्थगित झाली, आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांच्या निवडीतील जुनी तफावत जवळपास जशीच्या तशी परतली.