बाखला दोन कीबोर्ड का हवे होते?

पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज लहानमोठा होतो तो भात्यामुळे. हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या दिसणाऱ्या, पण तारा छेडणाऱ्या युरोपीय वाद्याला भाताही नाही. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली एक चपटी लाकडी काडी, म्हणजे जॅक, वर सरकते. जॅकमध्ये छोटी जीभ असते आणि जिभेत नखी. पूर्वी ही नखी डोमकावळ्याच्या पिसाच्या दांड्यातून कातून काढत. आज ती बहुधा प्लास्टिकची असते. नखी तारेला खालून उचलते, आणि ताण ठरावीक मर्यादेपर्यंत गेला की तार निसटते. ती कधी निसटणार हे नखीची लांबी आणि कडकपणा ठरवतात. त्यामुळे बोट कितीही जोरात पडलं तरी तारेत साठणारी ऊर्जा जवळपास तेवढीच राहते, आणि आवाजही तेवढाच. पट्टी सोडली की जॅक खाली येतो, जीभ मागे कलते, नखी तारेला पुन्हा न छेडता खाली उतरते. जिभेला जागेवर आणायला जुने कारागीर रानडुकराचा राठ केस वापरत. शेवटी जॅकवरचा कापडाचा तुकडा तारेवर टेकतो आणि नाद थांबतो. किती देखणी रचना आहे ही!

आता प्रश्न असा, की ज्या वाद्यावर बोटानं आवाज चढवता-उतरवता येत नाही, त्यावर तासाभराची एकच रचना ऐकणाऱ्याला कशी धरून ठेवणार? जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखचं उत्तर १७४१ च्या सुमारास न्यूरेंबर्गमध्ये छापलं गेलं. आपण त्याला ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ म्हणतो; व्हेरिएशन म्हणजे मूळ रचनेचं बदललेलं रूप. झोप न येणारा सरदार आणि त्याच्यासाठी रात्री वाजवणारा तरुण गोल्डबर्ग ही प्रसिद्ध गोष्ट बाखच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकानं, १८०२ च्या एका चरित्रात आली. मला ती बाजूला ठेवावीशी वाटते, कारण खरी गंमत छापील मुखपृष्ठावर आहे. तिथे गोल्डबर्गचं नाव नाही. ‘दोन कीबोर्डच्या हार्प्सिकॉर्डसाठी’ असं मात्र स्पष्ट लिहिलेलं आहे.

हे कीबोर्ड एकावर एक बसवलेले असतात. प्रत्येकाचे जॅक वेगळे, तारांचा संच वेगळा. दोन्ही संच एकाच सुरात लावले तरी त्यांचा पोत निराळा, कारण तार छेडण्याची जागा निराळी. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा असे सम स्वरांश (मूळ स्वरासोबत उठणारे वरचे सूर) जवळजवळ उठतच नाहीत, कारण त्यांच्या कंपनात तो बिंदू स्थिर असतो. टोकाकडे सरकत गेलं की वरचे स्वरांश अधिकाधिक जागे होतात. बहुतेक वाद्यांत वरच्या कीबोर्डचे जॅक तारेच्या टोकाजवळ असतात, म्हणून तो आवाज किंचित नाकातला, खालचा भरीव.

बाखनं कुठलं व्हेरिएशन एका कीबोर्डवर आणि कुठलं दोनवर वाजवायचं हे लिहून ठेवलं आहे. दोनवरच्या बऱ्याच व्हेरिएशन्समध्ये हात सतत एकमेकांना ओलांडतात. डाव्या हातानं धरलेल्या पट्टीवरच उजव्याला यायचं असतं. पियानोवर तिथे बोटं अडखळतात. आधीच दाबलेली पट्टी पुन्हा दाबणार कशी? दोन कीबोर्ड असले की तोच स्वर दोन मजल्यांवर मिळतो. सत्ताविसाव्या व्हेरिएशनमध्ये तर फक्त दोनच आवाज, म्हणजे दोन स्वतंत्र स्वरओळी आहेत, एक दुसरीची नक्कल करत मागोमाग चालणारी; अशा रचनेला कॅनन म्हणतात. दोघींचे पोत वेगळे असल्यानं कानाला त्या सहज वेगळ्या ओळखता येतात.

या सगळ्याखाली काय टिकून आहे? सुरुवातीच्या आरियाची, म्हणजे मूळ धुनेची, चाल नव्हे, तर तिच्या ३२ मात्राखंडांतला खर्जाचा क्रम. तबल्याच्या एकलवादनात लेहरा जसा फिरत राहतो आणि तबलजी त्यावर पलटे रचतो, तसं काहीसं. फरक एवढाच, की इथे लेहरा आणि पलटे दोन्ही एकाच माणसाच्या दहा बोटांत असतात. तिसाव्या व्हेरिएशनमध्ये त्याच खर्जावर कोबी आणि सलगमाचं एक लोकगीतही येऊन बसतं.

बाखची स्वतःची छापील प्रत १९७४ मध्ये स्ट्रासबुर्गला सापडली. मागच्या कोऱ्या पानावर त्यानं त्या खर्जाच्या पहिल्या आठ स्वरांवर आणखी १४ कॅनन लिहिले होते, आणि चौदाव्यानंतर ‘इत्यादी’.