हाडांची गोळी आणि दूध

‘गोळी उष्ण पडते, दुधाबरोबर घे.’ सांगली-मिरजेकडे घरोघरी हा सल्ला आजही मायेनंच दिला जातो. पण हाडं ठिसूळ झाल्यावर आठवड्यातून एकदा घ्यायच्या ७० मिलिग्रॅम ॲलेन्ड्रोनेटला तो लावू नका, फार कळकळीनं सांगते. ही गोळी रिकाम्या पोटीसुद्धा शंभरात एक भागही अंगी लागत नाही. दुधातलं कॅल्शियम तेवढीही अडवून धरतं आणि ती अख्खी वाया जाते.

म्हणून सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, मोठा पेलाभर साध्या पाण्याबरोबर गिळायची, चघळायची नाही. मग निदान अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथं व्रण पडतो, आणि त्याचा त्रास वाईट असतो. ज्या आजींना ताठ बसताच येत नाही त्यांना ही देऊच नये, डॉक्टरांना तसं सांगावं. वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं झोलेड्रोनिक ॲसिडही असतं, ते चालेल का हे तेच ठरवतील.

दूध बंद करायचं नाही, ते नंतर प्यावं. कॅल्शियमची गोळीही जेवणानंतर. वार चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी एकच घ्यायची, दोन कधीच नाहीत.