आयकर भरत नाही म्हणजे करच भरत नाही?

सरकारी खर्चाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: मूठभर लोक कर भरतात आणि बाकीचे फुकट खातात. हे चूक आहे, आणि अन्यायकारकही. मूठभरांचा असतो तो फार तर आयकर. 2012 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांनी 47 टक्के अमेरिकनांना आयकर न भरणारे म्हटलं, तेव्हा पगारातून पहिल्या डॉलरपासून कापला जाणारा सामाजिक सुरक्षा कर त्या हिशेबात नव्हताच.

खरेदीवरचा कर तर कुणालाच चुकत नाही. असाच खरेदीवरचा मूल्यवर्धित कर (व्हॅट) फ्रान्सने 1954 मध्ये आणला. आज तो 160हून अधिक देशांत आहे. समजा, सगळ्याच वस्तूंवर त्याचा दर 25 टक्के आहे. मग ग्राहकाने मोजलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा कर असतो. सगळी कमाई खर्चावी लागणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्नातले 20 टक्के त्यात जातात. निम्मी कमाई शिल्लक टाकू शकणाऱ्याचे त्या वर्षी फक्त 10. रकमेने श्रीमंत जास्त भरतो, हे खरंच. पण झळ किती, ते उत्पन्नाच्या प्रमाणातच मोजायला हवं. म्हणूनच अनेक देश अन्न आणि औषधांवर हा कर कमी ठेवतात किंवा लावतच नाहीत.