दारात टी-पट्टी की रिड्यूसर?

हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल आणि बेडरूममध्ये लॅमिनेट, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्यांची फरशी. नागपुरात आता घरोघरी दिसतं हे, आणि दारात दोन्ही फरश्या भेटतात तिथं सर्रास चुकीची पट्टी बसवलेली असते. टी-पट्टी तुम्ही पाहिलीच असेल, वरून चपटी आणि खाली मधोमध पाय. रिड्यूसर एका बाजूने जाड असतो, दुसरीकडे उतरत जातो.

रंग निवडण्यात लोक तासभर घालवतात. कोणताही घ्या. फक्त एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली पट्टी घेऊ नका, रोजच्या ओल्या पोछ्याने ती फुगते. मी अॅल्युमिनियमचीच लावतो.

खरा घोळ पातळीचा आहे. टी-पट्टीला दोन्ही फरश्या सारख्या उंचीच्या लागतात, फार तर 2-3 मिमीचा फरक ती झाकून नेते. आणि आपल्याकडे लॅमिनेट बहुतेक वेळा जुन्या टाइलवरच अंथरतात. 8 मिमीची फळी, खाली 2 मिमी फोम, म्हणजे बेडरूम हॉलपेक्षा सरळ 10 मिमी वर. अशा ठिकाणी टी-पट्टीचा एक पंख लॅमिनेटवर टेकतो, दुसरा अधांतरी. नागपूरजवळ बेशाला माझ्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये सुताराने त्या पोकळीत सिलिकॉन भरून दिलं. पहिल्या दिवशी झकास दिसलं. दोन महिन्यांत पाय पडला की पट्टी टकटक वाजायला लागली, आणि एका रात्री आईच्या अंगठ्याला तिचीच ठेच लागली. तिथं रिड्यूसरच हवा होता.

म्हणून पट्टी आणण्याआधी मोजा. स्टीलची फूटपट्टी उंच फरशीवर आडवी ठेवून टोक दारापलीकडे काढा आणि खाली किती अंतर उरतं ते बघा. 3 मिमीच्या वर गेलं, तर टी-पट्टीचं नाव काढू नका.

पट्टी कुठलीही असो, लॅमिनेटमध्ये स्क्रू मारू देऊ नका. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात ते आटतं, कूलरच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात फुगतं. त्याला सरकायला कडेला 8-10 मिमी फट लागते. स्क्रू त्या फटीतून खालच्या जमिनीतच गेला पाहिजे. फट व्हाइट सिमेंटने बुजवली, तर फळ्या जोडावर वर उचलल्या जातात.

जोड बंद दाराच्या बरोबर खाली घ्या. फरशी उंचावल्यामुळे दार घासत असेल, तर ते उतरवून खालून रंधा मारायचं काम पट्टी बसवण्याआधी उरकून घ्या.